मदत हवी आहे: जवळजवळ सगळ्यांचं दुखणं कमी झालं, तरी पी ०.११९ कसा?

गोंधळलेली_फिजिओ
सोमवारी गाइडना रिझल्ट दाखवायचाय आणि मी अडकलेय. व्हीएएस स्कोअर (दुखणं किती, ते पेशंटनं ० ते १० मध्ये सांगायचं) आहेत, नॉर्मल (घंटेसारख्या वक्रात बसणारे) नाहीत, म्हणून मॅन-व्हिटनी टेस्ट लावली. टेस्टचा आकडा यू १२.५, आणि पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली हवी) ०.११९. म्हणजे उपचाराचा उपयोग नाही असं लिहायचं का? प्लीज लवकर. थिअरी नको.

आकडेमोड
कोणाचे स्कोअर? गट कोणते? प्रत्येकात किती जण?

गोंधळलेली_फिजिओ
गट कसले, आधी आणि नंतर! गुडघेदुखी, दोन आठवडे व्यायाम.

आकडेमोड
म्हणजे दोन्ही वेळेला तेच पेशंट?

गोंधळलेली_फिजिओ
अर्थात तेच. ७ आहेत. छोटा पायलट अभ्यास आहे, हसू नका.
आधी: ८, ६, ८, ५, ७, ५, ३
नंतर: ७, ४, ६, ४, ४, ४, ३

आकडेमोड
इथेच माशी शिंकली. मॅन-व्हिटनी वेगवेगळ्या माणसांच्या दोन गटांसाठी असते. पहिल्या पेशंटचे ८ आणि ७ एकाच माणसाचे आहेत हे तिला कळतच नाही. तुमचे पेशंट मुळातच ३ ते ८ असे पसरलेत, त्यात सुधारणा बुडाली. विल्कॉक्सन साइन्ड रँक लावा, ती प्रत्येक पेशंटचा आधी-नंतरचा फरक बघते. फरक १, २, २, १, ३, १, ०. शून्यवाला गळतो. उरलेले सहाही एकाच दिशेला. सहा चिन्हं ६४ प्रकारे पडू शकतात, त्यात सगळी एकजात सारखी फक्त दोनदा. २/६४ = ०.०३१.

रांगडा_गडी
हीच टेस्ट आर सॉफ्टवेअरमध्ये लावली, पी ०.०३४ आला. एसपीएसएस सोडा हो, आर फुकट आहे.

गोंधळलेली_फिजिओ
मला एसपीएसएसमध्ये ०.०२६ येतोय!! तीन ठिकाणी तीन उत्तरं? गाइड फाडून खातील.

आकडेमोड
माझा मोजून काढलेला आहे, तुमचे दोन्ही नॉर्मल वक्रावरून काढलेले अंदाज. आर त्यात अर्ध्याची दुरुस्ती करतं, एसपीएसएस करत नाही. इतक्या कमी पेशंटना एक्झॅक्ट, म्हणजे मोजून काढलेला पीच द्या आणि तसं लिहा.

विमल_काकू
व्यायाम कोणता दिलात? जिना उतरताना माझा डावा गुडघा कटकट वाजतो.

जुना_खेळाडू
एवढी उठाठेव कशाला? पेअर्ड टी (फरकांच्या सरासरीवरची टेस्ट) लावा, पी ०.०१ च्याही खाली जातो. तिला फरक नॉर्मल लागतात, स्कोअर नव्हे. आणि सात आकड्यांवरून ‘नॉर्मल नाहीत’ ठरवलं कोणी?

आकडेमोड
व्हीएएसमधलं ८ चं ७ होणं आणि ४ चं ३ होणं सारखंच कशावरून?

जुना_खेळाडू
मग साइन्ड रँक तरी काय करते? आधी वजाबाकीच ना? तो आक्षेप तुमच्या टेस्टलाही लागतो.

आकडेमोड
हे मान्य. पण बघून बघून लहान पी देणारी टेस्ट निवडायची नसते.

चहाबाज
गंमत म्हणजे विल्कॉक्सन रसायनशास्त्रज्ञ होते, पेपर १९४५ चा. मॅन आणि व्हिटनी १९४७ चे. आणि १९३७ ची फ्रीडमन टेस्ट अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या मिल्टन फ्रीडमन यांचीच.

गोंधळलेली_फिजिओ
चहाबाज, याचं मी सोमवारी काय करू?
मीडियन (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा स्कोअर) ६ वरून ४ झाला. ‘व्यायामामुळे दुखणं २ ने कमी’ असं लिहू ना?

आकडेमोड
नको, दोन्ही चुका. मीडियनमधला फरक २, पण फरकांचा मीडियन १. पेअर्डमध्ये तोच द्या. आणि ‘व्यायामामुळे’ काढा, व्यायाम न दिलेला कंट्रोल गट कुठे आहे? दुखणं ऐन भरात असताना माणूस ओपीडीत येतो, दोन आठवड्यांत तसंही थोडं उतरतं.
अजून एका पेशंटचा फरक शून्य असता तर उरले असते पाच, आणि पाचही सुधारले तरी पी ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही. त्यामुळे ०.०३१ वर फार नाचू नका.

गोंधळलेली_फिजिओ
बापरे. पहिल्या पेशंटनं आधीचा स्कोअर ८ की ७ यावर दहा मिनिटं घोळ घातला होता. लिहिते तसं. थँक्यू.

विमल_काकू
माझं राहिलंच.

गोंधळलेली_फिजिओ
काकू, पाय सरळ करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती पाच सेकंद खाली दाबून धरा. पण आधी कोणाला तरी गुडघा दाखवा, प्लीज.