पदवीनंतरचं नागरिकशास्त्र: ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा

दीक्षान्त समारंभांचे दिवस आले की बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आठवतं. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध लवकर मिटवा असं त्यांनी बजावलं होतं. त्यासाठी नव्या पदवीधरांच्या हातात काय काय आहे? लिहा.

पिंपळपान: मतदार यादी! नवीन नावाला नमुना ६. नोकरीसाठी गाव बदललं तर नमुना ८, पुन्हा ६ भरू नका. नमुना ६ मध्ये दुसरीकडे नाव नसल्याचं घोषणापत्र असतं, खोटं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैद. कार्ड हातात आहे म्हणजे यादीत नाव आहे असं नाही, दर निवडणुकीआधी यादी उघडून बघा.

कंदील: +१. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ती कागदी असते, वेगळ्या पाकिटात राहते. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकालाला आव्हान दिलं गेलं तर न्यायालय ती बघू शकतं.

साधी_रेघ: माहिती अधिकार. फुकट जाणारे अर्ज बहुतेक "का" विचारतात. रस्ता का खचला, याचं उत्तर येत नाही, कारण कायद्याने मिळतो तो कागद. कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. पोच जपा, अपिलात तीच लागते.

पिंपळपान: मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी ना?

साधी_रेघ: हो एमबीच. किती खडी, किती डांबर, कधी मोजलं, सगळं त्यात.

बांधावरून: ग्रामसभा राहिली. गणपूर्ती (कोरम) १५ टक्के मतदार किंवा १००, जो आकडा कमी तो. त्याअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, म्हणून त्या दुसऱ्या सभेला जाच. ठराव इतिवृत्तात आला का ते बघूनच उठा.

ओलीमाती: शांततेवर कुणीच लिहिलं नाही. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पाच माणसं. व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपावर दोन बाण दिसले की तो फार हातांतून आलाय. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या, इमेज सर्चमध्ये टाका, पुष्कळदा जुना किंवा भलतीकडचा निघतो. जमाव जमताना दिसला तर ११२ ला फोन करा, आणि पत्ता आधी सांगा.

कंदील: गलबललं वाचून.

चहाचा_कप: घरच्या ग्रुपवर काकांनीच टाकलं तर?

ओलीमाती: खासगीत सांगा. चारचौघांत खोडलं की माणूस हट्टाला पेटतो. "काका, हे जुनं निघालं, तुम्हीच काढा ना." पण लगेच, दोनेक दिवसांनी सगळ्यांसाठी डिलीट करायचा पर्याय जातो.

चहाचा_कप: बरं. कुकर झाला, पळते. नमुना ८ ला भाड्याच्या खोलीचा काय पुरावा चालतो?

पिंपळपान: नोंदणीकृत भाडेकरार, किंवा त्या पत्त्याचं बँक पासबुक.