मदत हवी आहे: क्लाउनफिशची पिल्लं सहाव्या दिवशी मरतात, फिल्टर कसा लावू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, मानेवाड्यात राहतो. घरी ऑसेलॅरिस क्लाउनफिशची (खाऱ्या पाण्यातले नारिंगी-पांढरे मासे) जोडी आहे, मातीच्या कुंडीवर अंडी घालते. नर दिवसभर पंखांनी पाणी हलवत अंड्यांपाशीच असतो. आठव्या दिवशी अंड्यांतले डोळे चंदेरी दिसले की त्या रात्री दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर येतात. इथवर सगळं नीट. पण सलग तीन खेपा पाचव्या-सहाव्या दिवशी सगळीच्या सगळी गेली. सकाळी तळाशी पांढरा थर बघवत नाही.

पिल्लांची टाकी २० लिटरची, बाजूंना काळा कागद, एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), फिल्टर नाही. पाणी आईबापांच्याच टाकीतलं. खायला रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत जीव), आणि पाणी हिरवं राहावं म्हणून नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शेवाळ. रोज एअरलाइनच्या नळीने तळ ओढून दोन लिटर पाणी बदलतो. तरी चौथ्या दिवशी अमोनियाची टेस्ट पिवळ्याची हिरवी होते, ०.५ पीपीएमच्या वर. गोड्या पाण्यात पीएच ७ ला मासे एवढ्यात तगतात. इथे पीएच ८.२ आणि पाणी ३० डिग्री, म्हणजे विषारी अमोनियाचा वाटा कितीतरी जास्त. मेलेले रोटिफर आणि जास्तीचं शेवाळ सडत असावं, असा माझा अंदाज.

नवतप्यात तर कूलरच्या वाऱ्याने पाणी भराभर उडतं आणि खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वरून चढतो. ते मात्र आरओचं बिनमिठाचं पाणी घालून सांभाळतोय.

आता दोन वाटा दिसतात. एक, तीन आठवड्यांपासून मोठ्या, म्हणजे आईबापांच्या टाकीच्या संपमध्ये (तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवलेला, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर पिल्लांत लावायचा. कोरा स्पंज कामाचा नाही, अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया बसायला महिना-दीड महिना जातो. पण स्पंज रोटिफर ओढून घेईल का? हवा किती सोडायची? जरा जोर झाला की पिल्लं गरगर फिरतात, खातच नाहीत.

दुसरी, मोठ्या टाकीतून थेंब-थेंब पाणी सोडायचं आणि जादा पाणी बारीक जाळीतून परत संपमध्ये न्यायचं. जाळी रोटिफर अडवेल इतकी बारीक घेतली तर ती रात्रीतून तुंबली की टाकी वाहील, ही धास्ती आहे.

ज्यांनी घरी पिल्लं दहाव्या दिवसापलीकडे नेली आहेत, त्यांनी नक्की काय केलं ते सांगा. स्पंज पहिल्या दिवसापासून, की अमोनिया दिसल्यावर? काल पुन्हा अंडी घातली आहेत, हातात आठवडाच आहे.