रोवणीच्या दिवसांतील कानाची बुरशी: तेल घालावे की थेंब?

चर्चाप्रवर्तक:
गोंदिया-भंडारा भागात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पावसात भिजणे आणि बोडीत (लहान तळ्यात) अंघोळ करणे काही टळत नाही. मग कान खाजला की आगपेटीची काडी किंवा केसांचा आकडा आत जातो, आणि ओल्या, खरचटलेल्या कानात बुरशीला आयता थारा मिळतो. ही बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस किंवा कॅन्डिडा असते. अ‍ॅस्परजिलस नायजर असल्यास भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा करडा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. अशा कानात लसूण कढवलेले तेल घालणे बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेलाने खाज घटकाभर शमते; थर मात्र जागचा हलत नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरते. डॉक्टरांकडून कान साफ करून घ्यावा आणि क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचे १ टक्का थेंब, खाज थांबली तरी, सांगितलेले दिवस पूर्ण घालावेत.

प्रतिसाद (आयुर्वेद वैद्य):
घरगुती तेलाचे खापर आयुर्वेदावर फोडू नये. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून कर्णस्राव (कान वाहणे) आणि कृमिकर्ण (कानात कृमी होणे) यांसाठी प्रमार्जन, धावन, धूपन आणि पूरण हे उपाय रुग्णाची स्थिती पाहून योजण्यास सांगितले आहे. म्हणजे पुसणे, धुणे आणि धुरी यांच्या सोबतीने औषध भरणे येते, नुसते तेल ओतणे नव्हे. उलट विचारतो: कान वाहतो म्हटले की आत न पाहताच अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे एकत्रित थेंब दिले जातात, त्याचे काय? त्यांनी जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळे होते. कान कोरडा झाल्यावर निंबतेलाचा बोळा ठेवण्यास हरकत का असावी?

चर्चाप्रवर्तक:
अँटिबायोटिकच्या थेंबांविषयी आपले म्हणणे रास्त आहे. निंबाच्या अर्काने प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखली जाते, हेही मान्य. परंतु काचेच्या बशीतला परिणाम कानात तितक्याच मात्रेने मिळेल असे गृहीत धरता येत नाही, आणि दुकानातील सुट्या निंबतेलाची शुद्धता कोण तपासतो?

प्रतिसाद (आरोग्यसेविका):
दोघेही कान साफ करण्यावर भर देता, पण तो करायचा कोणी? कानाचे तज्ज्ञ आणि घाण शोषून काढणारे सक्शनचे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी. एका खेपेत मजुरी बुडते आणि बसभाडे वेगळे. म्हणून माणसे बाजारातल्या कानकोऱ्याकडे जातात. मी तरी इतकेच सांगते की घरी काहीही न घालता कान कोरडा ठेवावा आणि अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी बसवावा. मात्र मधुमेही माणसाचा कान रात्री असह्य ठणकू लागला किंवा तोंड वाकडे झाले, तर संसर्ग हाडापर्यंत पोचलेला असू शकतो. तेव्हा मजुरीचा हिशेब न करता त्याच दिवशी निघावे.

प्रतिसाद (आयुर्वेद वैद्य):
मधुमेह्याबाबत दुमत नाही. असा रुग्ण मीही ठेवून घेत नाही. निंबतेलाचा आग्रह मात्र सोडत नाही, फक्त पडदा शाबूत असल्याचे ऑटोस्कोपने (कानात पाहण्याच्या उपकरणाने) पाहिल्याशिवाय ते कोणीही घालू नये, मग तो वैद्य असो की डॉक्टर.