पहिली लोकल गाडी कशी मिळाली? नव्या चालकांचे अनुभव

सारथी_नवा (धागाकर्ता)

आमच्या घरातील एका मुलाने नुकताच मालवाहू वाहनाचा परवाना मिळवला असून त्याला घरी राहून करता येईल असे काम हवे आहे. सकाळी गाडी काढावी, आसपासच्या फेऱ्या कराव्यात आणि रात्री ती त्याच आवारात आणून लावावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. त्याच्यासोबत ट्रान्सपोर्टच्या कार्यालयांत हिंडताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. लाईनच्या गाडीवर, म्हणजे थेट नागपूर किंवा बंगळूरुपर्यंत जाणाऱ्या ट्रकवर, दुसरा चालक म्हणून नवख्याला घ्यायला मालक राजी असतात, लोकलसाठी, म्हणजे आसपासच्या फेऱ्यांच्या गाडीसाठी, मात्र "अनुभव किती वर्षांचा?" हा प्रश्न खुर्चीवर बसण्याआधीच येतो. वरवर पाहता हे उलटे वाटते, पण मालकांची बाजू समजण्यासारखी आहे. लाईनवर शेजारी उस्ताद, म्हणजे अनुभवी चालक, असतो आणि बराचसा रस्ता सरळ असतो, तर लोकलमध्ये एकट्याने गोदामाच्या दारात, बाजाराच्या गल्लीत, हातगाड्या आणि दुचाकी चुकवत दिवसभर गाडी मागेपुढे करावी लागते.

म्हणून ज्यांनी हा पहिला उंबरठा ओलांडला आहे, त्यांनी आपापला अनुभव येथे सविस्तर लिहावा अशी विनंती आहे. कोणती गाडी मिळाली, कोणी आणि कशाच्या भरवशावर दिली, पैशांचे काय ठरले, हे कळले तर अनेकांना उपयोग होईल. कोणत्याही मालकाचे किंवा कंपनीचे नाव कृपया लिहू नये.

इंद्रायणीकाठ

माझे पहिले काम चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मिळाले, तेही चालक म्हणून नव्हे. भोसरीतील लहान कारखान्यांतून सुटे भाग उचलून चाकणच्या मोठ्या कारखान्यांत पोचवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी पिकअपवर मदतनीस म्हणून राहिलो. परवाना खिशात असताना क्रेट उचलण्याचे काम करणे घरच्यांना कमीपणाचे वाटत होते, परंतु त्या काळात कोणत्या कारखान्याचे कोणते दार कधी उघडते, कोठे मालाच्या चलनावर शिक्का घ्यावा लागतो आणि तळेगाव चौकातली कोंडी टाळायची असेल तर भोसरीतून किती वाजता निघावे लागते, हे सगळे मला आपोआप कळत गेले. पुढे चालक झाल्यावर मालकाला माझे हेच ज्ञान गाडी चालवण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटले, असे माझे मत आहे.

संधी आली ती दिवाळीत. या भागातले बरेचसे चालक बीड, लातूर, धाराशिवकडचे किंवा थेट उत्तर प्रदेशातले असतात आणि सणाला गावी गेलेला माणूस सांगितलेल्या तारखेला परत येतोच असे नाही, तर कारखाने मात्र सुट्टी संपताच पूर्ण वेगाने सुरू होतात. अशा वेळी मालकाला बदली चालक हवा असतो आणि त्या आठवड्यात अनुभवाचा प्रश्न कोणी फारसा ताणून धरत नाही. ज्यांना पहिले काम हवे आहे त्यांनी दिवाळी, होळी आणि मे महिन्यातील लग्नसराई या तीन वेळा मनात धरून ठेवाव्यात आणि त्याच्या पंधरा दिवस आधीच जाऊन आपले नाव व नंबर देऊन यावे.

परीक्षा म्हणाल तर मालकाने मला रस्त्यावर नेलेच नाही. आवारात दोन गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या मधल्या जागेत भरलेली पिकअप फक्त आरशांत पाहून मागे घेऊन फलाटाला टेकवायला सांगितली आणि स्वतः चहा पीत उभे राहिले. मी मध्येच थांबलो, उतरलो, मागे जाऊन जागा पाहिली आणि परत बसलो. नंतर त्यांनी सांगितले की उतरून पाहिले म्हणूनच गाडी दिली. न उतरता एका दमात लावणाऱ्याला त्यांनी घेतले नसते.

कारखान्याच्या दारातली शिस्त नव्या माणसाने आधीच जाणून घ्यावी. सुरक्षा बूट, हेल्मेट आणि चमकणारे जाकीट नसेल तर आत सोडत नाहीत. गाडी लावल्यावर चाकाखाली ठोकळा लावावा लागतो आणि अनेक ठिकाणी माल उतरेपर्यंत किल्ली पहारेकऱ्याकडे जमा करावी लागते. सुटा भाग वेळेवर पोचला नाही तर जोडणीचे काम थांबते, त्यामुळे उशीर होणार असे दिसताच फोन करणे हाही चालकाच्या कामाचाच भाग समजला जातो. पगार महिन्याचा आणि वर फेरीमागे भत्ता, असे आमचे ठरले होते.

कलम_सात

अनुभवांच्या धाग्यात कायद्याचे लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व, पण अर्ध्या अडचणी तेथूनच सुरू होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय त्या वर्गाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये रद्द झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. हे वजन गाडी आणि माल मिळून धरायचे असते.

मला पहिले काम याच कारणाने लवकर मिळाले. छोटा हत्ती आणि पिकअप यांच्या मालकांना अपघात झाल्यास विमा नाकारला जाईल ही मोठी धास्ती असते, आणि मी निकालाची मराठी बातमी छापून सोबत नेली होती. किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याने ती शांतपणे वाचली, आपल्या विमा एजंटाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. गॅस सिलिंडरच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद असावीच लागते.

उरणचा_ट्रेलर

न्हावाशेवा बंदराच्या परिसरात लोकल म्हणजे बंदर आणि कंटेनर गोदाम यांच्यामधली ये-जा. अंतर इतके थोडे की नव्याला वाटते, हे तर सोपे काम. प्रत्यक्षात गाडी चालते कमी आणि रांगेत उभी राहते जास्त, आणि मोबदला फेरीवर असल्यामुळे रांग लांबली की कमाई घटते. हे आधी माहीत असते तर मी सुरुवातीला फेरीऐवजी महिन्याचा पगार मागितला असता.

मी अवजड वाहनाचा परवाना घेऊनच क्लीनर म्हणून चढलो. माझे उस्ताद जासईचे होते, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांनी रांगेत गाडी पुढे सरकवायला देऊन मला क्लचचा अंदाज शिकवला, नंतर रिकाम्या कंटेनरच्या मैदानात ट्रेलर मागे घ्यायला शिकवले. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलट दिशेला फिरवावे लागते आणि मागचा भाग एकदा कोनात गेला की तो सावरायला पुढे यावेच लागते. हे कानाने ऐकून येत नाही, हाताला सवय व्हावी लागते. कागदांचे काम तितकेच महत्त्वाचे आहे. निर्यातीचा कंटेनर आत नेताना फॉर्म १३, म्हणजे बंदराच्या प्रवेशाचा कागद, यावरील क्रमांक, कंटेनरवरील क्रमांक आणि सीलचा क्रमांक हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहिल्याशिवाय मामा गाडी जागची हलवू देत नसत, कारण फाटकावर तफावत निघाली तर परत फिरावे लागते आणि ती फेरी कोणीही मोजत नाही.

पुढे मामांच्या गुडघ्याचे दुखणे वाढले आणि त्यांनीच मालकाला माझे नाव सांगितले. मालक माझ्याशी तोवर कधी बोललेलाही नव्हता.

गोदाकाठ

आमच्या जालना भागात नव्या चालकाला पहिली गाडी उन्हाळ्यात मिळते, ती म्हणजे पाण्याचा टँकर. मार्चपासून टँकरची मागणी वाढते, अनुभवी चालक कमी पडतात आणि कंत्राटदार ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गाडी देतो. सरकारी पुरवठ्याच्या टँकरवर जीपीएस असते आणि प्रत्येक खेपेची नोंदवहीत गावातली सही घ्यावी लागते. ती राहिली तर खेप धरत नाहीत.

चालवण्याच्या दृष्टीने टँकर हा कठोर मास्तर आहे. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा असेल तर ठीक, पण अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी ब्रेक मारल्यावर पुढे आदळते आणि वळणावर एका बाजूला जाते, म्हणून एका गावात निम्मे उतरवून पुढच्या गावाला निघताना वेग कमी ठेवावाच लागतो. विहिरीजवळ गाडी मागे घेताना भोवती हंडे आणि लहान मुले असतात, तेव्हा एक माणूस मागे उभा केल्याशिवाय मी आजही गाडी हलवत नाही. पाऊस पडला की काम संपते. पण त्याच मोसमाच्या जोरावर मला नंतर वाळूज भागात आयशर मिळाली, कारण नव्या मालकाने कंत्राटदाराला फोन करून फक्त एवढेच विचारले की मुलगा पितो का.

ब्रॅम्प्टनहून

कॅनडातील ओंटारियो प्रांतातला अनुभव देतो, कारण येथेही प्रश्न तोच आहे, फक्त तो मालकाऐवजी विमा कंपनी विचारते. मोठ्या ट्रेलरसाठीच्या ए वर्गाच्या परवान्याला एअर ब्रेकचा झेड जोडला की त्याला सगळे एझेड म्हणतात. १ जुलै २०१७ पासून त्यासाठी किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि त्याचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. एवढे करूनही रोज घरी परतता येईल अशा कामांच्या जाहिरातींत दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असे. दोन ठिकाणी व्यवस्थापकाने मला पसंत केले होते, परंतु त्यांच्या विमा कंपनीने माझे नाव घेण्यास नकार दिला. भारतात ट्रक चालवल्याचे मी सांगितले, त्याचा येथे काही उपयोग झाला नाही.

काही ठिकाणी नव्यांना लगेच काम देतात, पण अट घालतात की पगारदार न होता स्वतःच्या नावाची कंपनी नोंदवून बिल द्यावे. रक्कम हातात जास्त दिसते. मात्र सुट्टीचा पगार, जादा वेळेचे पैसे आणि नोकरदाराला मिळणारे संरक्षण त्यातून निघून जाते आणि कर भरण्याची जबाबदारी स्वतःवर येते. मी ते नाकारले आणि एका गोदामाच्या आवारात ट्रेलर इकडून तिकडे लावण्याचे काम रात्रपाळीत घेतले. दिवस कंटाळवाणे होते, कारण गाडी कधी रस्त्यावर जातच नसे. परंतु पाळीभर ट्रेलर मागे घेणे एवढेच काम असल्यामुळे हात तयार झाला आणि त्याच कंपनीला तिच्या शहरातल्या फेऱ्यांसाठी माणूस हवा होता तेव्हा बाहेर जाहिरात द्यावी लागली नाही.

कृष्णेचा_घाट

मी सांगलीत महानगरपालिकेच्या कंत्राटदाराकडे घंटागाडी चालवते. कार्यालयात गेले तेव्हा तेथील साहेबांनी माझ्या भावाला विचारले, "ताईंना जमेल का?" भावाने उत्तर दिले नाही, किल्ली माझ्या हातात दिली. अरुंद बोळ, एका बाजूला गटार, समोरून दुधाची मोटारसायकल, असा रोजचा रस्ता असल्याने गाडी मागे घेण्याचा सराव आपोआप होतो. काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपते आणि महिला चालकांना घरच्यांची परवानगी मिळणे त्यामुळे सोपे जाते. अर्थात ही परवानगी घ्यावी लागते हेच मला पटत नाही. आता मी कचरा दाबून नेणाऱ्या मोठ्या कॉम्पॅक्टरसाठी अवजड परवान्याच्या तयारीत आहे.

इंद्रायणीकाठ

धागाकर्त्यांनी पैशांचे विचारले होते, ते माझ्याकडून अर्धेच लिहिले गेले. गाडी हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. ई-चलनाचा संदेश मालकाच्या मोबाईलवर येतो, तेव्हा वेगाचा दंड चालकाचा आणि कागदपत्रे किंवा जादा मालाचा दंड मालकाचा, असे आधीच ठरवावे. ओरखडा किंवा दिवा फुटल्यास पगारातून किती कापणार हे विचारावे आणि गाडी घेतानाच चारही बाजूंचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. वाराई किंवा हमाली, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोण देणार, तेही बोलून घ्यावे, नाहीतर बाजारात ती चालकाच्या खिशातून जाते आणि परत मागताना आठवड्याची वाट पाहावी लागते.

सारथी_नवा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एका ठिकाणी मालक तयार झाले आहेत, पण मूळ परवाना त्यांच्याकडे ठेवायला सांगतात. ठेवावा का?

कलम_सात

ठेवू नये. छायाप्रत द्यावी, आणि त्यांना खात्री हवी असेल तर डिजिलॉकरवरील परवाना त्यांच्या समोर उघडून दाखवावा. मूळ परवाना मालकाच्या कपाटात असला की दुसरीकडे चांगले काम मिळाले तरी माणूस अडकून पडतो. तेवढ्यावरून ते गाडी देत नसतील तर दिवाळी फार दूर नाही. चाकण, भोसरी भागात आतापासून नाव देऊन ठेवायला सांगा.