ईव्हीचा विमा पेट्रोल गाडीच्या दुप्पट? सांगलीच्या पुरासाठी बॅटरीचं विमा कव्हर ठेवावं की काढावं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. विम्यातलं कळणारं कुणी असेल तर जरा मार्ग दाखवा.

माझी नेक्सॉन ईव्ही २०२२ च्या जुलैतली, ३० किलोवॉट-तासाच्या बॅटरीची. रोज सांगली-इस्लामपूर जाणं-येणं, चार्जिंग घरी, गाडीबद्दल काडीची तक्रार नाही. क्लेम एकही नाही. नवीन घेताना थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा सक्तीचा विमा) तीन वर्षांचा एकदम भरला होता, तो आता संपतोय, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच सगळा विमा एका वर्षात दिसला आणि डोळे पांढरे झाले.

एजंटने पाठवलेला हिशोब असा: ३५ टक्के एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) वजा जाऊन ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) १३,९००, झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापता भरपाई) ४,८००, बॅटरी कव्हर ३,९००, थर्ड पार्टी ६,७१२. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ३४,५८८. पीए कव्हर (मालक-चालकाचा अपघात विमा) दुसऱ्या पॉलिसीत आहे म्हणून ते काढायला लावलंय, नाहीतर अजून वाढलं असतं. मेव्हण्याची पेट्रोल नेक्सॉन माझ्याच गाडीच्या वयाची, त्याचं झिरो डेपसकट १७ हजारांत उरकलं. रविवारी जेवायला आला होता, अर्धा वेळ तेच ऐकवत होता.

पहिला प्रश्न थर्ड पार्टीचा. ईव्हीला १५ टक्के सूट असते असं सगळीकडे वाचतो. मग त्याला ३,४१६ आणि मला ६,७१२ कसे? एजंटला विचारलं तर म्हणतो, "साहेब, सिस्टीममध्ये तसंच येतंय."

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आम्ही शामरावनगरात राहतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा पूर. ही गाडी त्यानंतरची, तिने अजून पूर पाहिलेला नाही. बॅटरी कव्हर काढलं तर जीएसटी धरून साडेचार हजार वाचतात. पण उद्या गाडी दारात उभी असताना पाणी चढलं तर साध्या पॉलिसीत बॅटरीचे पैसे मिळतात का? एजंट "हो हो, सगळं कव्हर आहे" म्हणतो. ते "हो हो" ऐकलं की मला जास्त भीती वाटते.

मिरजकर:
थर्ड पार्टीत एजंटचा दोष नाही, कंपनीचाही नाही. ते दर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे, १ जून २०२२ पासूनचे. पेट्रोल-डिझेल गाडी सीसीवर मोजतात, ईव्ही मोटरच्या किलोवॉटवर. ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ ला २,९०४, त्यावर ६,७१२. बॅटरीचा ३० चा आकडा इथे धरत नाहीत. तुमची मोटर ९५ किलोवॉटची, म्हणून थेट वरच्या गटात. मेव्हण्यांची ११९९ सीसी, म्हणून मधल्या गटात. सूट तुम्हाला मिळालीय, पण ती १५०० सीसीच्या वरच्या गाडीच्या ७,८९७ वर. मोठ्या बॅटरीची टियागो ईव्ही ५५ किलोवॉटची आहे, तिला २,९०४ च लागतात.

या दरात घासाघीस होत नाही. घासाघीस करायची ती ओन डॅमेजवर, तो दर प्रत्येक कंपनी आपला आपण ठरवते. दोन-तीन ठिकाणचे कोटेशन मागवा, पण आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सगळीकडे सारखी ठेवायला सांगा. हप्ता कमी दाखवायला आयडीव्ही गुपचूप खाली आणतात, आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढेच पैसे हातात पडतात. मेव्हण्यांशी तुलना करतानाही आधी दोघांची आयडीव्ही बघा. तुमची गाडी मुळात महाग, त्यात बॅटरीच एवढ्या किमतीची, हप्ता वर जाणारच.

गावभाग वाले:
पुरासाठी ओन डॅमेज लागतंच, नुसत्या थर्ड पार्टीवर दमडी मिळत नाही. पूर हा ओन डॅमेजमधला मूळ धोका आहे, त्याला वेगळं कव्हर लागत नाही. गोची पुढे आहे. साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. तो कलम जुन्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या काळातला. तुमच्या मोठ्या बॅटरीला कंपनी तो लावते का, आणि झिरो डेपमध्ये ती बॅटरी धरली आहे का, एवढे दोनच प्रश्न ईमेलवर विचारा. फोनवर नको. झिरो डेपमध्ये बॅटरी नसेल तर ३,९०० डोळे झाकून भरा.

बॅटरीच्या आयपी ६७ वर (पाणी आत न शिरण्याचं मानांकन) विसंबू नका. ते एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढंच आहे, आपल्याकडे पाणी तीन-चार दिवस हलत नाही. बॅटरीच्या वॉरंटीतही पुराचं पाणी बसत नाही.

२०१९ ला आमची पेट्रोल गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याने आपली गाडी हौसेने चालू करून बघितली, इंजिन गेलं, आणि सर्व्हेअरने ते नुकसान पुराचं धरलंच नाही. आम्ही चावी लावली नाही, फोटो काढले, टो करून वर्कशॉपला नेली, पैसे मिळाले. ईव्हीला तर चालू करणंही नको आणि चार्जरला लावणंही नको.

धागाकर्ता:
मिरजकर, आता कुठे उलगडा झाला. मेव्हण्याची आयडीव्ही बघितली, माझ्यापेक्षा तीन लाखांनी कमी आहे. रविवारी आता मी ऐकवणार!

गावभाग वाले, दोन्ही प्रश्न ईमेल केले. उत्तर आलं: झिरो डेपमध्ये "ट्रॅक्शन बॅटरी वगळून". म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी त्यात धरलेली नाही, तेव्हा बॅटरी कव्हर राहू दे. मग झिरो डेप काढू का? गाडी मीच चालवतो, खरचटाखरचटीचं मला काही वाटत नाही.

मिरजकर:
काढू नका. नेक्सॉनचा पुढचा बंपर प्लास्टिकचा, साध्या पॉलिसीत त्यावरही ५० टक्के कापतात, आणि पेठ-सांगली रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या तुम्हाला माहीतच आहेत. त्यापेक्षा व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममधला आपण खिशातून भरायचा वाटा) वाढवून कोटेशन मागा. आणि हे सगळं मुदतीच्या आत उरका. एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी मागतात, त्यात हे पावसाचे दिवस. ९० दिवस उलटले तर ३५ टक्के एनसीबीही जाते.