मदत हवी आहे: जि.प. शाळेच्या खोल्यांचा प्रस्ताव नेमका कुठे अडतो?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. शाळेच्या दोन कौलारू खोल्यांचे वासे कुजलेत, भिंतीला तडे गेलेत. पावसाळ्यात तिसरी-चौथीची मुलं व्हरांड्यात बसतात आणि वारा फिरला की तिथेही वह्या भिजतात. जुन्या खोल्या पाडून नव्या बांधून हव्यात, एवढीच मागणी आहे.

ग्रामसभेचा ठराव, समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र आणि फोटो जोडून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला. आवक शिक्क्याची पोच आहे. शिक्षण विभाग म्हणतो, फाईल बांधकामकडे आहे. बांधकामवाले म्हणतात, आधी निर्लेखनाची (जुनी इमारत निकामी ठरवून नोंदीतून काढण्याची) मंजुरी आणा, मग अंदाजपत्रक करू. कुठला तालुका ते लिहीत नाही, कारण तक्रार करायची नाही, काम व्हायला हवं.

पूर्वी अशा वेळी आपल्या गटातून निवडून आलेल्या जि.प. सदस्याला धरायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जिल्हा परिषदेच्या १९६१ च्या कायद्यात सोयही तशीच आहे. निवडून आलेले सदस्य आपल्यातून अडीच वर्षांसाठी अध्यक्ष निवडतात. स्थायी समिती अध्यक्षांकडे, आणि शिक्षण, बांधकाम, आरोग्य, अर्थ अशा विषय समित्या वेगळ्या. कारभार सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) आणि खातेप्रमुख बघतात, पण तेच खातेप्रमुख त्या त्या विषय समितीचे सचिव असतात. त्यामुळे सदस्याने समितीत शाळेचा विषय काढला की अधिकाऱ्याला समोरासमोर उत्तर द्यावं लागायचं, इतिवृत्तात नोंद व्हायची आणि पुढच्या बैठकीत त्यावरच विचारता यायचं. गावाच्या दृष्टीने जिल्हा परिषदेत याहून मोलाचं काही नाही, असं मला मनापासून वाटतं.

मार्च २०२२ मध्ये आमच्याकडच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, सीईओच प्रशासक झाले. सभागृहाचे आणि समित्यांचे अधिकारही त्यांच्याकडेच गेले. आमचा प्रस्ताव त्याच काळातला आहे, त्यामुळे कुठल्याच इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही.

जाणकारांनी, विशेषतः जि.प.मध्ये नोकरी केलेल्यांनी किंवा सदस्य राहिलेल्यांनी, कृपया सांगावं. निर्लेखनाचा प्रस्ताव कुणी तयार करायचा, शाखा अभियंत्याने की मुख्याध्यापकांनी? त्यासोबत कोणते दाखले लागतात? पैसे कुठून मागायचे? सेस फंडातून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून) नव्या खोल्या होणं अवघड वाटतं. जिल्हा वार्षिक योजनेतून म्हणावं, तर ती वाट जिल्हा नियोजन समितीतून जाते, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. मग आमदारांचं पत्र आधीच जोडावं का?

आणि प्रशासकाच्या काळात रखडलेला विषय शिक्षण समितीपुढे आणायचा तर जुनीच फाईल पुढे सरकते, की सगळं नव्याने द्यावं लागतं? फाईलवरच्या टिपणीची प्रत माहिती अधिकारात मागायचा विचार आहे, पण त्याने संबंधित दुखावून काम आणखी मागे पडेल का?

कुणाकडे मंजूर झालेल्या निर्लेखन प्रस्तावाचा नमुना असेल तर नावं झाकून इथे टाका. पावसाळ्याआधी निदान पाडकामाचा आदेश हातात यायला हवा.