मदत हवी आहे: गेटवरची गर्दी मोजायची आहे, चेहरे न टिपता

तलावपाळीकर
ठाण्यात दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी मैदानाच्या गेटवर आत-बाहेर मोजणी करायची आहे. गेट ६ मीटर रुंद. रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा संगणक), कॅमेरा मॉड्यूल ३ वाइड (आडवा कोन १०२ अंश), कमानीला ३.५ मीटरवर, थेट खाली बघणारा. या उंचीवरून जमिनीवर साडेआठ मीटर दिसतं, म्हणजे गेट आरामात बसायला हवं. तरी चाचणीत हाताने २१२ मोजले तेव्हा यंत्राने १६८ दाखवले. अंधार असताना आकडा आणखी घसरतो. माणसं ओळखणारं मॉडेल बदलू का?

चौकटराजा
मॉडेल राहू द्या, आधी मोजायची टेप घ्या. तुम्ही जमीन मोजलीत, मोजायची आहेत डोकी. डोकं १.६ मीटरवर धरलं तर कॅमेऱ्यापासून अंतर उरतं १.९ मीटर आणि रुंदी भरते ४.७ च्या आसपास. दोन्ही कडांनी चालणारी उंच माणसं निसटतात, पोरं मात्र बरोबर मोजली जातात! कॅमेरा ४.२ मीटरवर न्या, ६.४ मिळतील. बॅरिकेड लावून गेट अरुंद करण्याची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. गर्दीत बाहेर पडायची वाट आवळायची नसते.

आणि कॅमेऱ्याचा मोड (कोणत्या आकाराचं चित्र घेतो) बघा. १५३६×८६४ ला सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो. २३०४×१२९६ घ्या, मग प्रतिमा लहान करा.

खाडीपलीकडे
अंधारातली घसरण एक्स्पोजरमुळे, म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सर जितका वेळ प्रकाश घेतो त्यामुळे. ऑटोवर ते १/१५ सेकंदापर्यंत ताणलं जातं, तेवढ्यात चालणारा माणूस ८-९ सेंटीमीटर सरकतो आणि डोक्याचा नुसता फराटा उरतो. १/१०० वर लॉक करा (५० हर्ट्झच्या दिव्यांची लुकलुकही जाते) आणि कमानीवर एक फ्लडलाइट वाढवा. सेकंदाला किमान १५ फ्रेम हव्यात. ३ वर माणूस दोन फ्रेममध्ये ४०-४५ सेंटीमीटर पुढे जातो, तिथे शेजारचाच कुणी असतो आणि ट्रॅकर (फ्रेममागून फ्रेम माणसाचा माग ठेवणारा प्रोग्राम) त्यालाच आधीचा समजतो.

एका रेषेवर मोजू नका. गप्पा मारत रेषेवर रेंगाळणारे चार-चारदा मोजले जातात. ७० सेंटीमीटर अंतराने दोन रेषा, दोन्ही ओलांडल्या तरच एक.

तलावपाळीकर
उंची वाढवतो. आणि साठवणीचं? चेहरे ब्लर करून फुटेज ठेवलं तर चालेल का?

चौकटराजा
फुटेज ठेवायचंच कशाला? कपडे, चाल, सोबतची माणसं यांवरूनही ओळख पटते. फ्रेम रॅममध्येच वापरून टाका, स्वॅप (रॅममधला मजकूर कार्डावर उतरवणं) बंद, मेमरी कार्डावर फक्त मिनिटागणिक दोन आकडे. चुका शोधताना सुरू केलेलं रेकॉर्डिंग तसंच चालू राहतं, ही नेहमीची गफलत. कार्यक्रमाआधी ते बंद करा. गेटवर मराठीत पाटी लावा: कॅमेरा फक्त मोजतो, चित्र साठवत नाही. चित्र साठवलंत आणि माणूस ओळखू आला, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आडवा येऊ शकतो.

खाडीपलीकडे
आत वजा बाहेर या आकड्यात चूक साचत जाते. दर तासाला पाच मिनिटं हातातल्या क्लिकरने पडताळा, आत आणि बाहेर वेगवेगळं. एकत्र बघितलं तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

हो, कमानीचा आकाशकंदील कॅमेऱ्यापासून लांब बांधा. वाऱ्यावर झिरमिळ्या भिंगासमोर आल्या की खालची डोकी झाकली जातात.